देवाच्या अंगावरचा आकडा

माझी एक भाची आहे, घर मेहकरकडचे. अमरावतीच्या विद्यापीठातून ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी घेऊन ती एका संग्रहालयात उमेदवारीवर लागली. पहिले दोन महिने तिने कपाटे पुसली, दमट झालेल्या चिठ्ठ्या वाळवल्या, वाळवीने कुरतडलेल्या फेरिस्ती नव्याने उतरून काढल्या. आणि तिसऱ्या महिन्यात काळ्या पाषाणाची एक विष्णुमूर्ती तिच्यापुढे ठेवून तिच्या वरिष्ठांनी सांगितले की, हिला दाखल क्रमांक घाल. त्या रात्री तिचा मला दूरध्वनी आला. "मामा," ती म्हणाली, "देवाच्या अंगावर आकडा कुठं घालायचा?"

क्रमांक घालण्याची रीत तिला ठाऊक नव्हती असे नाही. पाहणाऱ्याच्या नजरेत भरणार नाही परंतु शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी, म्हणजे वस्तूच्या पाठीवर अथवा तळाशी, पारदर्शक राळेचा एक पातळ लेप द्यावयाचा, तो वाळल्यावर बारीक कुंचल्याने त्यावर अंक लिहावयाचे आणि पुन्हा एक लेप देऊन ते अंक बंद करावयाचे. लेप असा की, पुढेमागे कोणाला तो काढावासा वाटला तर द्रावकाच्या एका बोळ्याने तो निघावा आणि खालच्या दगडावर यत्किंचितही डाग राहू नये. आज लावलेले उद्या निघाले पाहिजे, हा या विद्येतील पहिला दंडक आहे. तिची अडचण निराळीच होती. तळाशी लिहावे तर ते देवाच्या पायाखाली जाते, आणि पाठीवर लिहावे तर पोळ्याला सजवलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग दिल्यासारखे दिसते. मी हसलो आणि काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेली. नंतर मात्र मला बराच वेळ झोप आली नाही, कारण त्या मुलीने हसत हसत जे विचारले होते त्याच्या पोटात आपल्या धर्मविचारातील एक फार जुनी शंका दडलेली होती: ज्याला क्रमांक पडला तो देव राहतो काय?

ही शंका मेहकरच्या मुलीला पडावी हेही योग्यच. पैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावाचे नाव मेघंकर नावाच्या दैत्यावरून पडले आणि शार्ङ्गधररूपी विष्णूने त्याचा वध केला, अशी आख्यायिका तेथे शतकानुशतके चालत आली होती. आणि १८८८ साली गावात खोदकाम चालू असता पुरुषभर उंचीहून मोठी अशी विष्णूची एक अखंड, अप्रतिम मूर्ती जमिनीतून वर आली. शार्ङ्गधर बालाजी या नावाने आज जिची पूजा होते तीच ही मूर्ती. मेहकरची वडीलधारी मंडळी पुढची हकीकत अशी सांगतात की, मूर्ती लाकडी पेटाऱ्यात होती, तिच्यासोबत काही अलंकार आणि ताम्रपट होते, इंग्रज अंमलदारांनी ते सरकारजमा करून विलायतेस रवाना केले, आणि मूर्तीवरही त्यांची नजर आहे असा सुगावा लागताच गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना करून टाकली. कारण मालखान्यातला जिन्नस उचलून नेणे सोपे, परंतु नैवेद्य दाखवलेल्या देवाला हात लावणे त्या काळच्या साहेबालाही अवघड होते.

या हकीकतीतला किती भाग दप्तराने सिद्ध होईल हा प्रश्न बाजूला ठेवला तरी गाव स्वतःविषयी काय लक्षात ठेवते हे तिच्यावरून कळते. मला लहानपणी ही गोष्ट सांगणारे आजोबा शेवटच्या वाक्याला छाती फुगवीत. मोठेपणी, कागदपत्रांच्या सहवासात आयुष्य गेल्यावर, मला त्या गोष्टीच्या मधल्या वाक्याची हळहळ अधिक वाटू लागली. ती जशी सांगितली जाते तशी खरी धरली तर देव राहिला, दप्तर गेले. ती मूर्ती कोणी घडविली, कोणी तिला गावे इनाम दिली, कोणत्या धामधुमीत कोणी तिला पेटाऱ्यात घालून जमिनीच्या स्वाधीन केले, हे सांगू शकणारा एकुलता एक साक्षीदार त्या ताम्रपटांच्या रूपाने निघून गेला, आणि त्याला थांबवावे असे कोणाच्या मनात आले नाही. मूर्ती पुरून ठेवणारा तो अनामिक पुजारी मला आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला आद्य अभिरक्षक वाटतो. वस्तू जतन करण्याचे अर्धे कर्तव्य त्याने प्राणपणाने केले. उरलेले अर्धे, म्हणजे तिच्याविषयीची माहिती पुढच्या पिढीच्या हाती पोहोचती करणे, तेवढे तडीस गेले नाही.

देव आणि मूर्ती यांचा संबंध कोणत्या प्रकारचा, याविषयी आपल्या दर्शनकारांत एकवाक्यता नाही. मीमांसकांनी तर देवतेला शरीरच नाकारले; यज्ञात हवि ज्या शब्दाला उद्देशून दिला जातो तो शब्द हीच देवता, असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली. नैयायिकांना ते पटण्यासारखे नव्हते. दहाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत या प्रश्नाचा ऊहापोह करताना मोठा मार्मिक मार्ग काढला आहे. प्रतिष्ठेच्या विधीने देवतेच्या ठिकाणी त्या प्रतिमेविषयी 'ही मी, ही माझी' असा अभिमान उत्पन्न होतो, म्हणून ती पूज्य ठरते, हा त्यांचा स्वतःचा पक्ष. परंतु देवतेला चैतन्यच नाही असे मानणाऱ्या प्रतिपक्षासाठीही त्यांनी वाट मोकळी ठेवली आहे: ही मूर्ती पूर्वी विधिपूर्वक प्रतिष्ठित झाली होती अशी जी यथार्थ ओळख, जी प्रत्यभिज्ञा, उपासकाला होते, तिच्या बळावर मूर्तीला पूज्यता येते असे त्यांना म्हणता येईल.

या दुसऱ्या पक्षाकडे मी कित्येकदा परत आलो आहे. त्याचा अर्थ असा की, पूज्यता ही केवळ पाषाणात नाही, केवळ मंत्रातही नाही. ती एका खऱ्या माहितीवर उभी आहे. ती माहिती नष्ट झाली तर प्रत्यभिज्ञा कशाची होणार? आणि ओळखीला आधार हवा असेल तर कोणीतरी, कोठेतरी, ती माहिती बिनचूक लिहून ठेवली पाहिजे. उदयनाचार्यांच्या डोळ्यांपुढे दाखल नोंदवही नव्हती हे उघड आहे. परंतु माझ्या भाचीच्या हातातल्या कुंचल्याला त्यांनी हरकत घेतली असती असे मला वाटत नाही.

कायद्याने हाच प्रश्न आपल्या रोखठोक पद्धतीने हाताळला. हिंदू मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिला स्वतःचे हितसंबंध आहेत, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मलिक घराण्याच्या कज्ज्यात स्पष्टपणे मांडले. पुढे तमिळनाडूतील पत्तूर गावी १९७६ साली एका मजुराला जमिनीत सापडलेला नटराज हस्ते परहस्ते लंडनला पोहोचला, तेव्हा त्याच्यासाठी भांडणाऱ्या दावेदारांत त्या पडक्या देवळातले शिवलिंगही होते, आणि १९९१ साली तेथील अपील न्यायालयाने निकाल देवळाच्या बाजूने दिला. वृत्तपत्रांनी या निकालात देवाचा विजय पाहिला. मला त्यात नोंदीचाही विजय दिसतो; कारण हा नटराज त्याच देवळाचा हे भक्तीच्या आवेशाने सिद्ध झालेले नाही, त्याच जागी सापडलेल्या इतर मूर्तींशी त्याची माती, त्याची धातू आणि त्याची घडण ताडून पाहणाऱ्या जाणकारांच्या साक्षींनी ते सिद्ध केले.

परंतु या सर्वांहून जवळचा, किंबहुना याच मातीतला दाखला महानुभावांचा आहे, आणि त्याच्यापाशी मला थोडे थांबले पाहिजे.

या पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेराव्या शतकात या मुलखात हिंडले. त्यांच्या आठवणींच्या लीळाचरित्रात लोणार आहे, मेहकर आहे. बोणेबाईंची आणि स्वामींची भेट मेहकरचीच. स्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी जे काम अंगावर घेतले त्याला तुलना नाही: ज्याने जी लीळा डोळ्यांनी पाहिली वा कानांनी ऐकली त्याच्याकडे जाऊन, विचारून, पारखून त्यांनी ती लिहून घेतली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली. आणि उभी करताना, हा पाठ हिराइसेचा, हा अमक्याचा, येथे दोघांत फरक पडतो, असे निरनिराळे पाठ ज्याच्या त्याच्या नावानिशी नोंदण्याचा प्रामाणिकपणा त्या मंडळींनी दाखवला. आपल्या गुरूच्या चरित्रात पाठभेद मान्य करणारा भक्तसंप्रदाय जगात विरळा.

त्याहूनही नवलाची आहे ती स्थानपोथी. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या दाराशी, कोणत्या बाजूला तोंड करून बसले, तेथून नदी कोणीकडे, वेस कोणीकडे, शेजारी कोणते देऊळ, याची ती एक फेरिस्तच आहे. तिच्यात काव्य नाही, आळवणी नाही, चमत्कार तर नाहीतच. आहेत त्या केवळ दिशा, दारे आणि जागा. आज यादवकालीन महाराष्ट्राचा भूगोल जुळवणारे विद्वान तिचा उपयोग करतात, परंतु ती त्यांच्यासाठी लिहिलेली नाही. ती लिहिली गेली वंदनासाठी. महानुभाव तत्त्वज्ञानात देवता आणि परमेश्वर हे भिन्न पदार्थ, त्यामुळे देवतांच्या मूर्तींची पूजा त्यांना वर्ज्य. परंतु परमेश्वराच्या सन्निधीचा ज्यांना संबंध घडला ती स्थाने आणि तो प्रसाद मात्र त्यांना वंद्य. दगड हा देव नव्हे, पण त्या दगडावर स्वामी टेकले होते. आणि टेकले होते हे खरे असेल तरच तो वंद्य, एरवी तो निव्वळ धोंडा. संबंधावर श्रद्धा उभी केली की संबंधाची शहानिशा हाच धर्म होतो, आणि खोटे स्थान दाखवणे हे पाप ठरते. लेखनिकाच्या कामाला इतकी धार्मिक प्रतिष्ठा दुसऱ्या कोणत्या मराठी पंथाने दिली असेल तर ती मला ठाऊक नाही.

ज्यांनी हे वाङ्मय आयुष्यभर शोधून १९७८ साली लीळाचरित्र साक्षेपाने छापून काढले ते विष्णु भिकाजी कोलते बुलढाणा जिल्ह्यातलेच, मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या या माणसाने पोथ्यांप्रमाणेच ताम्रपट आणि शिलालेखही वाचले. मेहकरचे ते गेलेले ताम्रपट त्यांच्या टेबलावर आले असते तर, असा एक निरर्थक विचार माझ्या मनात कधी कधी येतो.

आता या कामाला लागणाऱ्या तरुणांविषयी चार शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण प्रश्न तत्त्वाचा असला तरी तो पोटाशी येऊन भिडतो. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणवून ग्रंथालयांचे जाळे विणले आणि लगोलग शिक्षणवर्ग सुरू केले; त्याच बडोद्यात १९५२ साली विद्यापीठाने संग्रहालयशास्त्राचे शिक्षण चालू केले. रंगनाथनांनी १९३१ साली पुस्तके उपयोगासाठी असतात असा पहिला नियम घालून दिला. एवढी परंपरा पाठीशी असूनही पदवी घेतलेल्या मुलाला पहिली विचारणा होते ती अनुभवाची, आणि अनुभव मिळावा म्हणून त्याला सांगितले जाते की वर्षभर बिनपगारी ये, ही सेवाच आहे. हा शब्द मला खटकतो. याच जिल्ह्यात शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेकऱ्यांची जी शिस्त आहे ती पाहून परका मनुष्य चकित होतो. परंतु तेथे झाडू हाती घेणारा सेवेकरी आपले शेत वा दुकान सांभाळून, आपल्या पाळीचे दिवस नेमून, स्वखुशीने आलेला असतो. ज्याची भाकर अन्यत्र शिजते तो देतो ती सेवा. ज्याची भाकरच या कामावर अवलंबून आहे त्याच्याकडून फुकट काम करून घेणे याला आपल्या जुन्या दप्तरांत दुसराच शब्द आहे, वेठ. भाचीला तिच्या संस्थेने निदान प्रवासखर्च तरी दिला. तिच्या एका मैत्रिणीला एका ठिकाणी आठ महिने काम करूनही अनुभवाचा दाखला मिळाला नाही, आणि तिने तयार केलेल्या सूचीवर नाव दुसऱ्याचे छापले गेले. वस्तूचा संबंध जपण्याची विद्या शिकवणाऱ्यांनी श्रमाचा संबंध असा पुसावा याला काय म्हणावे?

तरीही उमेदवारी करावीच, आणि ती आपल्या गावापासून करावी, असे माझे मत आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्यासाठी मुंबईची वाट धरण्याचे कारण नाही. तालुक्याच्या वाचनालयातील शंभर वर्षांपूर्वीची दाखल वही, देवस्थानच्या पेटीतील सनदा, पाटलाच्या माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल, लोणारच्या कड्याखालच्या देवळांतून इतस्ततः विखुरलेले भग्न शिल्पखंड, यांची मोजमापासह नोंद करावयाची म्हटली तर एका माणसाचा जन्म पुरणार नाही. मात्र ही नोंद करताना वस्तू हलवू नये. नवशिक्याचा हात पहिल्याने उचलण्याकडे जातो. लिहिण्याची आठवण त्याला मागाहून होते, आणि तोवर अर्धी माहिती जागेवरच सांडलेली असते.

२०२४ सालच्या जूनमध्ये सिंदखेडराजाला जे घडले ते याच दृष्टीने मी वाचले. लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या दुरुस्तीचे काम भारतीय पुरातत्त्व खाते करीत असता जवळच काही घडीव दगड दिसले; खणले तेव्हा शिवमंदिराचा पाया लागला, आणि आणखी खाली, सव्वादोन मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली: १.७० मीटर लांब, मीटरभर उंच, चरण चुरणारी लक्ष्मी, समुद्रमंथनाचा देखावा. दगड क्लोराइट शिस्टचा, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराच्या मुलखातला नव्हे. एवढा एक तपशील नोंदला गेला म्हणून आज विचारता येते की, हा दगड कोठून आला, की मूर्तीच घडून आली, आणि आणणारा कोण? १८८८ मध्ये असे विचारण्याची सोय राहिली नव्हती. मूर्ती वर येताच तिने पुढे संग्रहालयात राहावे की गावात, ही चर्चा अर्थातच सुरू झाली, आणि ती सुरू होण्यात मला काही वावगे वाटत नाही. भक्ताला पूजेचा अधिकार हवा, अभ्यासकाला निरीक्षणाचा; दोघांनाही मूर्ती हवी, आणि दोघांनीही खोलीचा तो आकडा विसरण्याची भीती सारखीच.

मूर्ती भग्न असेल तर तिची पूजा करू नये, तिचे जलाशयात विसर्जन करावे, असे शास्त्र सांगते. नदीच्या डोहात गेलेली मूर्ती आणि संग्रहालयाच्या दालनात गेलेली मूर्ती यांत भाविकाच्या दृष्टीने फारसा फरक नसावा असे मला पूर्वी वाटे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ साली स्थापन झालेल्या आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही अजब बंगला असलेल्या त्या वास्तूत, खेड्यातून आलेल्या बाया मूर्तीपुढे हात जोडून, पदराच्या गाठीतले नाणे चौथऱ्यावर ठेवून जाताना मी पाहिल्या तेव्हा तो समज गेला. त्यांच्या लेखी विसर्जन झालेलेच नव्हते. आवाहन करणाऱ्यालाच निरोप देण्याचा अधिकार असतो. सरकारी हुकमाने फार तर स्थलांतर होते.

हे सारे मी भाचीला पत्राने लिहून कळवले. तिचे उत्तर दीड महिन्याने आले, आणि त्यात माझ्या उदयनाचार्यांचा उल्लेखही नव्हता. नोंदवहीत त्या मूर्तीच्या प्राप्तिस्थानाच्या रकान्यात केवळ 'वऱ्हाड' एवढेच लिहिलेले तिला आढळले होते, म्हणजे जवळजवळ 'पृथ्वी' लिहिल्यासारखेच. तिने जुन्या आवक पत्रव्यवहाराचा बस्ता सोडून पाहिला, मूर्तीबरोबर आलेले पाठवणीचे पत्र शोधून काढले, त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्याचे नाव निघाले, आणि एका रविवारी एस. टी. ने ती तेथे जाऊन आली. गावाबाहेर, विहिरीपलीकडे, एका कडुनिंबाखाली तिला एक रिकामा ओटा दिसला. त्यावर काही नव्हते. ओट्याच्या मधोमध मात्र ताजे कुंकू होते. तेथे शेळ्या राखणाऱ्या म्हातारीला तिने विचारले की, आजी, इथला देव तर कधीच गेला, मग कुंकू कोणाला? म्हातारी म्हणाली, "देव नेला सायबानं. जागा थोडीच नेली, माय?"

परत आल्यावर तिने मूर्ती भिंतीपासून थोडी पुढे ओढवून पाठीमागून पाहिली. समोरून आरशासारखी घोटलेली ती मूर्ती प्रभावळीच्या मागे ओबडधोबड होती. भिंतीला लागणारी बाजू कोणी पाहणार नाही म्हणून शिल्पकाराने तेथे टाकीचे घाव तसेच सोडून दिले होते. त्या घावांच्या मधल्या एका सपाट बोटभर जागेवर तिने राळेचा लेप दिला आणि क्रमांक घातला. मग 'वऱ्हाड' या शब्दापुढे जागा पुरेना म्हणून नोंदवहीला चिठ्ठी जोडून तिने लिहिले: गावाच्या ईशान्येस, विहिरीपासून बेचाळीस पावलांवर, कडुनिंबाखाली पूर्वाभिमुख ओटा, मूर्ती येथून नेली, ओट्यावर आजही कुंकू.

शेवटचे तीन शब्द खोडावे, दाखल वहीत भावनेचे काम नाही, असे वरिष्ठांचे म्हणणे पडले. तिने ते खोडले नाहीत. 'आजही' या शब्दापुढे कंस करून तिने त्या रविवारची तारीख घातली.